नमुन्याच्या बिजागऱ्या

वहिनींचा बिजागऱ्यांचा लहानसा कारखाना होता, आणि त्यामुळे असेल, पण लोंबकळणारं दार त्यांना बघवत नसे. पाहुण्यांकडे गेल्या तरी आधी दाराची विचारपूस, मग माणसांची. नशीब असं, की अनुदान कचेरीत त्यांना ज्या साहेबांकडे खेटे घालावे लागत, त्यांच्याच खोलीचं दार एका बिजागरीवर तिरकं लटकलेलं. ते पडू नये म्हणून ज्याचा नंबर पुढचा, त्यानं ते धरून उभं राहायचं, असा तिथला रिवाज होता.

अनुदान हवं होतं नव्या प्रेससाठी. जुनी प्रेस, जिला कारखान्यातल्या बायका 'आत्याबाई' म्हणत, चार बिजागऱ्या ठोकल्या की रुसून बसायची. फर्निचरवाल्यानं निर्वाणीचं सांगून टाकलं होतं, की माल वेळेवर नसेल तर तो दुसरीकडून घेईल. तसं झालं की कारखान्याला कुलूप, आणि त्या बायका घरी. अर्जाचा आज शेवटचा दिवस होता.

सोबत दीर होता. घरात त्याला 'योजनापंडित' म्हणत. सरकारच्या झाडून सगळ्या योजना त्याला तोंडपाठ. पदरात मात्र अजून एकही पडली नव्हती.

"एकच कागद अडलाय, वहिनी. उत्पादन मजबूत असल्याचा पुरावा."

"अरे, मागच्या खेपेला बिजागरीच नेऊन ठेवली ना टेबलावर?"

"साहेब म्हणाले, हे लोखंड आहे. पुरावा कागदी लागतो."

"आणि तो कागद कोण देतं?"

"हेच साहेब. पण पुरावा बघितल्यावर."

वहिनींनी कपाळावर हात मारला असता, पण त्यांचा नंबर पुढचा आल्यामुळे दोन्ही हात दारात अडकले होते. साहेब अजून यायचे होते. दार करकरलं, आणखी थोडं कलंडलं.

"शिपाईदादा, हे दुरुस्त का करत नाही हो?"

स्टुलावरचे शिपाईदादा एक डोळा उघडून म्हणाले, "प्रस्ताव गेलाय वर."

"कधी?"

"तेव्हा मला मिशा नव्हत्या."

झालं. वहिनींनी दार दिराच्या खांद्यावर दिलं, पिशवीतून स्क्रू-ड्रायव्हर आणि नमुन्याच्या नव्या बिजागऱ्या काढल्या आणि पदर खोचला. रांगेतल्या साबणवाल्या मावशींनी स्क्रू धरले. कुणी हरकत घेतली नाही. मोडकं दार कुणाचंच नसतं.

साहेब आले तेव्हा दार नव्या नवरीसारखं नीट उभं होतं. त्यांनी ते ओढलं. आवाज न करता ते मिटलं आणि शेवटी 'खट्' म्हणालं. किती वर्षांत चौकटीपर्यंत न पोचलेला लॅच आज पहिल्यांदा आपल्या जागी बसला होता.

"वा!" आतून साहेबांचा आवाज आला. "आता निवांत काम करता येईल. कुणाला आत सोडू नका रे!"

रांगेची सगळी तोंडं वहिनींकडे वळली.

"भोगा आता," साबणवाल्या मावशी म्हणाल्या. "आधी निदान फटीतून साहेब दिसायचे तरी. कुणी सांगितला होता नसता उद्योग?"

"स्क्रू तुम्हीच धरलेत ना?"

"मला काय माहीत तुम्ही खरंच नीट बसवाल!"

सगळे ताटकळले. जेवायची सुट्टी झाली तशी आतून खडखड ऐकू आली, मग धडधड, आणि मग बारीक झालेला आवाज. "अरे, आतली मूठ हातात आली! दार उघडा!"

बाहेरून लॅच उघडायला किल्ली हवी. ती निवृत्त झालेल्या भांडारपालाबरोबर निवृत्त झाली होती. खिडकी वरच्या मजल्याची, आणि तिलाही गज. वहिनी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पुढे झाल्या, तर शिपाईदादा हात पसरून आडवे.

"हात लावायचा नाही. सरकारी दार आहे."

"मघाशी लावला तेव्हा?"

"तेव्हा ते मोडकं होतं. आता लेखी परवानगी लागेल."

"कुणाची?"

"साहेबांची."

"अरे, मी देतो की परवानगी!" साहेब आतून ओरडले.

"तोंडी आदेश चालणार नाहीत, साहेब," शिपाईदादा अदबीनं म्हणाले. "तुम्हीच पाटी लावलीय."

"मग कागद सरकवा दाराखालून!"

योजनापंडित पालथा पडून कागद सरकवू लागला. कागद चुरगळला, पण जाईना. पूर्वी त्या फटीतून मांजर ये-जा करायचं. आता दार असं चपखल बसलं होतं, की मुंगीलाही वळसा पडावा.

"वहिनी, इतकं चांगलं काम करायची काय गरज होती?" तो कळवळून म्हणाला.

आतून क्षीण आवाज आला, "माझा डबा बाहेर आहे हो."

हा आवाज मात्र वहिनींना सोसवेना. माणूस साहेब असला तरी उपाशी होता. त्या शांतपणे म्हणाल्या, "शिपाईदादा, दार तुमचं ना?"

"सरकारचं."

"आणि या बिजागऱ्या? बिल दिलंत? पावती?"

शिपाईदादांनी खिसे चाचपले.

"मग त्या माझ्या. मी माझा माल परत नेतेय. दार तुमच्याकडेच राहील."

शिपाईदादांच्या उभ्या नोकरीत या मुद्द्यावर परिपत्रक निघालेलं नव्हतं. ते बाजूला झाले. वहिनींनी बिजागऱ्यांच्या खिळी ठोकून बाहेर काढल्या आणि चौघांनी दार उचलून भिंतीला टेकवलं.

साहेब घामेजलेले, हातात मूठ घेऊन बाहेर आले. आधी त्यांनी डब्याकडे बघितलं, मग वहिनींच्या फाइलकडे.

"उद्या या, बाई."

"आज शेवटचा दिवस आहे, साहेब."

"मग मी काय करू? मजबुतीचा पुरावा नाही तुमच्याकडे."

बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. पॅसेजमध्ये सगळे एकटक त्यांच्या हातातल्या मुठीकडे बघत होते. साहेबांनी मूठ खिशात घातली, फाइल घेतली, टेकवलेल्या दारावरच ठेवली आणि उभ्याउभ्या शेरा मारून सही केली.

योजनापंडितानं फाइल उघडून मोठ्यानं वाचलं, "उत्पादन मजबूत आहे. समक्ष अनुभव घेतला."

आयुष्यात पहिल्यांदाच योजना पदरात पडल्यामुळे त्यानं तो शेरा लगेच पुन्हा एकदा वाचला. वहिनींनी डोळे टिपले आणि बिजागऱ्यांचे स्क्रू काढून त्या पिशवीत टाकायला घेतल्या.

"थांबा हो वहिनी," साबणवाल्या मावशींनी त्यांचा हात धरला. "तेवढं दार पुन्हा बसवून द्या. माझी फाइल व्हायचीय अजून."

"काही गरज नाही, काही गरज नाही," डब्याचं झाकण तसंच ठेवून साहेब घाईघाईनं म्हणाले. "मावशी, आणा ती फाइल इकडे."