रंगनाथमामांची कणी

रंगनाथमामांनी "जेवण झालं का?" असं विचारलं, तरी रस्त्यावरचा माणूस थांबून बघायचा, की भांडण कोणाशी लागलं. हिंगोलीकडच्या गोरेगावात त्यांची पिठाची गिरणी होती आणि आमचं घर तिच्या भिंतीला लागून. वीस-बावीस वर्षं इंजिनाच्या आवाजावर ओरडून ओरडून त्यांना हळू बोलायचं ठाऊकच राहिलं नव्हतं. कानही अर्धे गेलेले. एखादी बाई हळूच म्हणाली, "मामा, जरा बारीक दळा, घरी पाहुणे आहेत," की मामा सगळ्या रांगेला ऐकवायचे, "हिला बारीक पायजे! हिच्या घरी पाव्हणे आले!" मग अर्धं गाव विचारी, कुठले पाहुणे आणि काय काम काढलं. मी तर डबा ठेवून बोटानंच दाखवायची.

माणूस सदा पांढरा. भुवया, मिशा, कानातले केस, सगळ्यांवर पीठ. मामी जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. मागच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर होतं, पण मामा गिरणीतच रिकाम्या पोत्यांवर झोपायचे. कोणी विचारलं तर म्हणत, "इंजिनाला राखण नको का?" ते इंजिन उचलून न्यायला सहा बैल लागले असते.

एका बाजाराच्या दिवशी कुत्र्याचं एक पिल्लू रस्त्याच्या मधोमध बसलं होतं. जीपवाला हॉर्न वाजवून दमला, ते हलेना. मामा दळण तसंच टाकून धावले आणि त्यांनी पिल्लू उचललं. जीपवाल्याला भर दुपारी भूत दिसल्यासारखं झालं. पिल्लूही पांढरंच, पसाभर, डोळे घारे. मामांनी त्याच्या कानाशी डबा वाजवला, सूप आपटलं, शेवटी स्वतः ओरडले, म्हणजे रोजच्यासारखे बोलले. पिल्लू शांतपणे त्यांच्या अंगठ्यावरचं पीठ चाटत राहिलं.

"ठार बहिरी हाय," मामांनी जाहीर केलं आणि तिचं नाव कणी ठेवलं.

"तिला ऐकूच येत न्हाई, तर नाव काहून ठेवता?" रांगेतल्या गयाअक्कांनी विचारलं.

"तिला न्हाई येत. पण मला हाक मारू वाटती ना!"

हाक मारून उपयोग नव्हता, म्हणून मामा जमिनीवर पाय आपटायचे. एकदा आपटला की कणी यायची, दोनदा आपटला की भाकरीसाठी यायची. पण गिरणी काही लेकराबाळाची जागा नव्हे. दोन महिन्यांत इंजिनाच्या पट्ट्यात सापडून तिची अर्धी शेपटी गेली. त्या दिवशी मामांनी दळण बंद ठेवलं. दुसऱ्या दिवशी रांगेपुढं उभे राहून म्हणाले, "आज शेपूट गेली, उद्या ती जाईल. तिला चांगलं घर पायजे."

घर शोधायची त्यांची रीत मात्र जगावेगळी. जो येईल त्याला ते कणीचे दोषच सांगत. "बहिरी हाय! राखण करनार न्हाई! शेपूट अर्धी हाय! नेता का?" वर नेणाऱ्याला गिरणीतच पाय आपटायची तालीम. किराणा दुकानदार शेट तयार झाले होते, पण एवढ्या बायांसमोर मामांनी सांगितलं, "आपटा पाय!" तेव्हा लालेलाल झाले. "मी कुत्रीपुढं पाय आपटू?"

"मग ती तुमाला वळखनार कशी? उधारीच्या वहीवरून?"

शेट दळण न घेताच गेले.

शेवटी हिंगोलीच्या एका मास्तरांनी कणीला नेलं आणि तिसऱ्या दिवशी परत आणलं. रात्रंदिवस केकाटते म्हणाले. मग शेतावरचं एक घर मिळालं. तिथूनही पाच दिवसांत परत, खाणंपिणं सोडलेली, बरगड्या दिसणारी. मामांनी तिला पोत्यावर ठेवलं आणि इंजिन चालू केलं. कणी तिथल्या तिथं झोपली.

त्या दिवशी मी रांगेत होते. थोड्या वेळानं डिझेल संपलं, इंजिन थांबलं, आणि कणी दचकून उठून रडायला लागली. मला नवल वाटलं. बहिऱ्या जिवाला इंजिन थांबल्याचं कसं कळलं? मामांनी डिझेल घातलं, इंजिन सुरू झालं, तेव्हा मी खाली वाकून तळहात जमिनीला लावला. हाताला बारीक थरथर लागत होती. कणी त्या थरथरीवर झोपायची. आणि रात्री? रात्री ती मामांच्या छातीवर झोपते हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि मामांचं घोरणं आमच्या घरातल्या भांड्यांनासुद्धा ठाऊक होतं.

हे मामांना सांगायला हवं होतं, आणि माझा आवाज तर माझ्याच पदराबाहेर जात नाही. मी दोनदा तोंड उघडून मिटलं. कणीच्या बरगड्या दिसल्या, तेव्हा डोळे मिटून ओरडले, "मामा! तिला हादरा लागतो झोपायला! साखऱ्याच्या आमच्या यमुनामावशी दिवसभर जातं ओढतात! आणि घोरतातसुद्धा!"

सगळी रांग हसली. मामा हसले नाहीत. म्हणाले, "कव्हा जायचं?"

यमुनामावशी म्हणजे साखऱ्याला, माझ्या माहेरी, आमची शेजारीण. विधवा, एकटी, भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली जातं. गावाची डाळ, भरडा, हळद तिच्याकडं. गिरणीवर तिचा उभा राग. रविवारी मामांना दारात बघून तिनं हात थांबवले नाहीत.

"या. तुमच्या गिरणीतून पीठ न्हाई, राख येती म्हनं."

"अन् तुमच्या जात्यातून खडे!" मामांचा आवाज वेशीपर्यंत गेला.

"वरडता काहून? मी काय तुमची कुत्री हाय का बहिरी?"

मामांनी कणीला खाली ठेवलं. ती भिंतीभिंतीनं हिंडली, कोपरे हुंगले, मग जात्याजवळ आली आणि थबकली. खाली पोतं होतं, त्यावर हनुवटी टेकली. मावशीनं हात थांबवला, तशी मान वर.

"थांबू नका!" मामा ओरडले.

"अवो, घास तर टाकू द्या!"

मूठभर दाणे पडले, जातं फिरलं, कणीचे डोळे मिटले. मामा दोन तास उंबऱ्यावर बसून राहिले. मग त्यांनी मावशीला पाय आपटायला शिकवलं. मावशीनं उठून असा पाय आपटला, की उतरंड हलली. कणी धावत आली. मला इतकं मोकळं वाटलं, की मी आईकडं जाऊन उगाच दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

परतीच्या जीपमध्ये मामा सेनगावपर्यंत बोलले नाहीत. ड्रायव्हरनं दोनदा मागं वळून विचारलं, "मामा, तब्येत बराबर हाय ना?"

दिवाळीला मी माहेरी गेले. मावशीच्या दारात पुरुषाच्या वहाणा दिसल्या. आत जात्याच्या एका बाजूला मावशी, दुसऱ्या बाजूला रंगनाथमामा, खुंट्यावर दोघांचे हात, मध्ये धष्टपुष्ट कणी झोपलेली. शेजारी मामांच्या पिशवीत ज्वारी होती. स्वतःची गिरणी असलेला माणूस दळण घेऊन एवढ्या लांब आला होता. मला बघून त्यांनी मान खाली घातली आणि जातं जरा जोरात ओढलं.

ते पाणी प्यायला मागं गेले, तेव्हा मी मावशीला विचारलं, "कितीदा येतात?"

"दर आयतवारी. पसाभर ज्वारी आनतात. दळून झालं तरी उठत न्हाईत." मावशीनं कणीच्या कानावरचं पीठ फुंकलं. "मी बी उठा म्हनत न्हाई."