ओसाकाची मावशी

चिझुएला मावशी नव्हती. तिची आई एकुलती एक, त्यामुळे मावशीचा प्रश्नच नव्हता, आणि नेमकं याच कारणासाठी तिच्या नवऱ्याने, शिगेनोबु कुवाहाराने, मावशीला मारायचं ठरवलं. जिवंत माणसाला मेलं म्हणणं अशुभ. मेलेल्याला पुन्हा मारणं त्याहून वाईट. पण जी मुळात जन्मलीच नाही, तिच्या जाण्याने कुणाचं काय बिघडतं?

"अहो, पण साधी रजा मागा ना! हक्काची रजा आहे," चिझुए म्हणाली.

"हक्काची आहे म्हणून तर मागता येत नाही," शिगेनोबु म्हणाला.

हे तिला समजावून सांगायची गरज नव्हती. तोत्तोरीतल्या त्या मासेमारीच्या जाळ्यांच्या कारखान्यात भरपगारी रजा सगळ्यांनाच होती, आणि आजवर ती कुणी घेतली नव्हती. विभागप्रमुख मुकाइदासाहेबांनी तर तीस वर्षांच्या नोकरीत एकदाही घेतली नव्हती. साहेब ओरडणारे नव्हते. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन बसायचे आणि संध्याकाळी सगळ्यांच्या नंतर उठायचे. अशा माणसासमोर उभं राहून "मला मुलीला मासे दाखवायला ओसाकाला न्यायचंय" असं म्हणायला जी छाती लागते, ती शिगेनोबुकडे नव्हती.

आणि मुलीला तर वचन दिलेलं होतं. आठ वर्षांच्या मिओला ओसाकाच्या मत्स्यालयातला तो अवाढव्य शार्क पाहायचा होता. पहिल्या वर्षी कारखान्यात हिशेबतपासणी निघाली, दुसऱ्या वर्षी नवं यंत्र आलं. तिसऱ्या वर्षी मिओने विचारणंच सोडून दिलं, आणि तेव्हा शिगेनोबुला खरी भीती वाटली. पोर हट्ट करत असते तोवर ठीक असतं. ती समजूतदार झाली की बापाने समजावं, आपलं काहीतरी चुकलं.

म्हणून मावशी गेली. साहेबांनी हातातलं काम बाजूला ठेवलं, उठून उभे राहिले आणि खोल वाकून म्हणाले, "फार वाईट झालं. कुठे असायच्या?"

"ओसाकाला. बायकोला त्यांनीच वाढवलं. आईसारख्याच."

"सभागृह कुठलं? कंपनीतर्फे फुलं आणि शोकसंदेश पाठवायला हवा."

"नको, नको साहेब! अगदी घरगुती आहे. फुलंसुद्धा नकोत म्हणालेत."

साहेबांचा चेहरा का कोण जाणे, एकदम पडला. शिगेनोबुला वाटलं, किती हळवा माणूस!

पहिला दिवस सोन्यासारखा गेला. किल्ला पाहून झाला, कालव्याकाठी उभं राहून ताकोयाकी, म्हणजे ऑक्टोपसचे गरमागरम गोळे, खाताना तिघांच्याही जिभा भाजल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी ते मत्स्यालयात त्या प्रचंड काचेसमोर उभे होते. शार्क आला, सावकाश वळला आणि निघून गेला. मिओने बापाचा हात धरला. तीन वर्षांनी धरला होता. शिगेनोबुचे डोळे भरून आले, आणि तेवढ्यात खिशातला फोन थरथरला.

"कुवाहारा, मी मुकाइदा. मी ओसाकात आहे. ऑफिसचं काम निघालं. म्हटलं, आलोच आहे तर संध्याकाळी मावशींच्या दर्शनाला यावं. कंपनीतर्फे एक तरी माणूस नको का? सभागृहाचं नाव सांग."

त्याच क्षणी वरच्या ध्वनिक्षेपकातून एक गोड आवाज म्हणाला, "थोड्याच वेळात पेंग्विनांना खाऊ घातला जाईल."

"काय म्हणाले?" साहेबांनी विचारलं.

"जेवणाची व्यवस्था चाललीय साहेब. मी... मी पाच मिनिटांत पत्ता कळवतो."

शिगेनोबुची पाचावर धारण बसली. तो तिथेच बाकावर बसला. नोकरी जाणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. त्याहून वाईट होईल: साहेब काहीच बोलणार नाहीत. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन बसतील, आणि निवृत्त होईपर्यंत त्याच्याकडे एक शब्दही न बोलता बघतील.

"सांगा की विधी उरकला म्हणून," चिझुए म्हणाली.

"परवा गेली असं सांगितलंय. आज संध्याकाळीच दर्शन असणार. त्यांना काय कळत नाही?"

चिझुएने काचेकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि मग बायका स्वयंपाकात मीठ जास्त पडल्यावर जशा पदर खोचून उभ्या राहतात, तशी ती उभी राहिली. "अहो, एवढं मोठं शहर आहे. रोज संध्याकाळी कुणी ना कुणी गेलेलं असणारच. चला."

टॅक्सीवाल्याने "जवळचं कुठलंही अंत्यविधीचं सभागृह" हे ऐकून आरशातून दोनदा मागे पाहिलं, पण नेऊन सोडलं. दाराशी पांढऱ्या फलकावर काळ्या अक्षरांत लिहिलं होतं: त्सुजिमोतो कुटुंब, सायंकाळी सहा. शिगेनोबुने साहेबांना नाव कळवलं. कोपऱ्यावरच्या चोवीस तास चालणाऱ्या दुकानात काळा टाय मिळाला. अशा दुकानांत तो असतोच, माणसं काही सांगून मरत नाहीत. चिझुएने काळी शाल घेतली. मिओच्या टोपीला शार्कसारखा कापडी पर होता. ती टोपी पिशवीत गेली.

"आपण कुठे चाललोय?" मिओने विचारलं.

"एका आजीला नमस्कार करायला."

"कुठल्या आजीला?"

"आपल्याच," चिझुए म्हणाली आणि स्वतःच दचकली.

बेत सोपा होता. गर्दीत मागे उभं राहायचं, साहेब आले की धुपाची चिमूट सोडायची आणि निघायचं. पण गर्दी नव्हतीच. खुर्च्या मांडल्या होत्या तीसेक, आणि त्यांवर माणसं तीन: दोन शेजारणी आणि पुढच्या रांगेत एक पांढऱ्या केसांचा वाकलेला म्हातारा. फोटोत एक वृद्ध बाई छत्री हातात धरून मिस्कील हसत होती. साहेब आधीच येऊन आत एका बाजूला उभे होते. सगळ्यांच्या आधी यायची सवय. दाराशी सभागृहाच्या माणसाने अदबीने विचारलं, "नातेवाईक की परिचित?"

शिगेनोबुने साहेबांकडे पाहिलं. साहेब त्याच्याकडेच पाहत होते.

"नातेवाईक," तो म्हणाला. "ही भाची."

झालं! नातेवाइकांची जागा पुढच्या रांगेत, म्हाताऱ्याच्या शेजारी. शिगेनोबुला जे लांबून उरकायचं होतं, त्याच्या तो ऐन मध्यावर जाऊन बसला. म्हाताऱ्याने मान वळवून तिघांना एकेक करून न्याहाळलं. त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या, मग सैल झाल्या, आणि तो थोडा सरकून बसला.

भिक्षूने मंत्र म्हणायला सुरुवात केली. साहेब पुढे आले, चिमूटभर धूप कपाळाला लावून निखाऱ्यावर सोडला, फोटोला वाकले आणि मग नातेवाइकांकडे वळून चिझुएला वाकले. "तुम्हाला आईच्या जागी होत्या. काय बोलू?"

चिझुएने रडायचं नाटक करायचं ठरवलं होतं. पण तिची नजर साहेबांच्या पाठीमागे गेली. तिथे त्या रिकाम्या खुर्च्या होत्या, एका रेषेत, नीट पुसून ठेवलेल्या. कुणीतरी माणसं येतील म्हणून मांडल्या होत्या. तिला एकदम हुंदका आला, आणि तो काही केल्या थांबेना. शिगेनोबु आधी मनात तिचं कौतुक करत राहिला, मग त्याला कळलं की हे नाटक नाही, आणि तो खाली बघू लागला.

साहेब मिओसमोर गुडघ्यांवर बसले. "बाळ, आजीची फार आठवण येत असेल ना?"

मिओ खोटं बोलत नसे. "मी तिला आज पहिल्यांदाच पाहतेय," ती म्हणाली.

साहेबांनी मान वर केली. "कुवाहारा, मुलीला एकदाही आणलं नव्हतंस इकडे?"

"रजा मिळत नाही ना, साहेब," शिगेनोबुच्या तोंडून निघून गेलं.

दिवसभरातलं त्याचं हे पहिलं खरं वाक्य. ते ऐकून उठताना साहेबांना खुर्चीचा आधार घ्यावा लागला.

आता निघावं, तर म्हातारा वाट अडवून उभा. "असं कसं जाता? वर जेवण सांगितलंय. दहा माणसांचं सांगितलं मी मूर्खासारखं. योशिनो माझ्या डोक्यावर बसेल, अन्न वाया गेलं तर."

वर सुशीची मोठाली ताटं होती आणि बिअरच्या बाटल्या. म्हाताऱ्याचं नाव कान्सुके. गेलेली योशिनो ही त्याची बहीण. ती छत्र्या दुरुस्त करायची, लग्न केलं नाही, आणि जिभेने भल्याभल्यांना सोलून काढायची. "गिऱ्हाइकाला म्हणायची, छत्री ठीक आहे, तुमचंच हाड मोडकं आहे," तो सांगत होता आणि शेजारणी तोंडावर हात ठेवून हसत होत्या. मिओने कोळंबीची सुशी संपवून दुसरी घेतली. समोरच साहेब बसले होते, आणि शिगेनोबु घड्याळाकडे पाहत होता. आणखी थोडं निभावलं की सुटलो!

तेवढ्यात दार सरकलं आणि एक बाई आत डोकावली. अंगात मोठमोठ्या फुलांचा झगा, खांद्याला खरेदीची पिशवी.

"अहो, झालं का तुमचं? दिव्यांची बोट सुटेल नाहीतर!"

बाईंनी काळे कपडे पाहिले, फुलं पाहिली आणि पिशवी पाठीमागे लपवली. मुकाइदासाहेब मानेपासून कानापर्यंत लाल होत गेले. शिगेनोबुने साहेबांना कधी लाल झालेलं पाहिलं नव्हतं. ते लाल होऊ शकतात, हेच त्याला नवीन होतं.

"ही... माझी बायको," साहेब पुटपुटले. "ऑफिसचं काम असं काही नव्हतं, कुवाहारा."

"साहेब?"

"लग्नानंतर एकदा उन्हाळ्यात गरम पाण्याच्या झऱ्यांवर गेलो होतो. त्यानंतर कुठेच नाही. हिने विचारणं सोडलं, त्यालाही आता किती वर्षं झाली. तुझ्या मावशींचं कळलं आणि मनात आलं, कंपनीतर्फे जाणं तर कर्तव्यच आहे. तू घरगुती आहे म्हणालास तेव्हा माझा चेहराच पडला. वाटलं, गेलं निमित्त हातचं." ते ताठ बसले आणि जमिनीला डोकं टेकेपर्यंत वाकले. "तुझ्या दुःखाच्या आडोशाने मी मजा करायला आलो. मला माफ कर."

आता खरं बोलायची याहून चांगली वेळ कुठली? पण माणूस मोठा वाईट असतो. आयुष्यात पहिल्यांदाच साहेब माफी मागायला त्याच्यापुढे वाकले होते, आणि शिगेनोबुला ते सोडवेना. त्याने चेहरा गंभीर केला, एक उसासा सोडला आणि मोठ्या मनाने म्हणाला, "असू द्या साहेब. मावशींनी मनाला लावून घेतलं नसतं."

चिझुएने त्याच्या मांडीला चिमटा काढला, पण उशीर झाला होता.

"नाहीच घेतलं असतं," कान्सुके शांतपणे म्हणाला. तो बाटलीचं झाकण उघडत होता. "योशिनोला मी एकच भाऊ. बहीण नाही. मला मूल नाही. तेव्हा ही भाची कुठून आली, ते मला संध्याकाळपासून काही केल्या जुळेना."

शिगेनोबुच्या हातातल्या जेवायच्या काड्या सुशीवरच थांबल्या. साहेबांनी हळूहळू डोकं वर उचललं. त्यांनी शिगेनोबुकडे पाहिलं, चिझुएकडे पाहिलं आणि शेवटी मिओकडे पाहिलं.

"आम्ही शार्क बघायला आलोय," मिओ म्हणाली. तिला कुणीतरी सरळ विचारेल याची ती केव्हाची वाट बघत होती. "खूप मोठा आहे."

चिझुएने कपाळ जमिनीला टेकवलं. "आजोबा, आम्ही फार मोठं पाप केलं. तुमच्या घरी असा प्रसंग, आणि आम्ही..."

"उठ पोरी, उठ," कान्सुके म्हणाला. "मी सकाळी त्या खुर्च्या मोजल्या होत्या. म्हटलं, काढून टाकायला सांगू का? मग म्हटलं, राहू देत, निदान योशिनोला बरं वाटेल. नंतर तुम्ही आलात. तू रडलीस ते खोटं होतं का?"

"नाही," चिझुए म्हणाली, आणि तिला पुन्हा रडू आलं.

"मग झालं तर. भाची नव्हती, आता झाली." त्याने डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि साहेबांच्या बायकोकडे वळला. "बाई, तुम्हीपण बसा. बोट कुठे जात नाही, रोज सुटते. सुशी मात्र आजच आहे."

त्या संकोचत बसल्या. मुकाइदासाहेबांनी बाटली उचलली तेव्हा शिगेनोबुने डोळे मिटून घेतले. मग ग्लासात बिअर पडल्याचा आवाज आला. तीस वर्षांत हाताखालच्या माणसाचा ग्लास न भरलेले साहेब त्याचा ग्लास भरत होते, फेस उतू जाईपर्यंत.

"शार्क खरंच मोठा आहे का?" त्यांनी मिओला विचारलं.

"खूप. या खोलीएवढा. काकूंना दाखवा."

जेवण उरकता उरकता कान्सुकेने घसा खाकरला. "एकोणपन्नासाव्या दिवशीचे विधी असतात. एकट्याने करायला जिवावर येतं. याल का सगळे? तसे लोक मागेपुढे करून रविवारच धरतात, म्हणजे कुणाची नोकरी आड येत नाही."

शिगेनोबुने तोंड उघडलं, पण साहेबांनी हात वर करून त्याला थांबवलं. त्यांनी बायकोकडे एकदा पाहिलं, आणि तिच्यासमोर तीस वर्षांत पहिल्यांदाच काहीतरी ठरवून टाकल्यासारखे बोलले.

"रविवार नको, आजोबा," मुकाइदासाहेब म्हणाले. "रविवारी सुट्टीच असते."