रेंजमधले खासनीस

दर रविवारी दुपारी साडेबाराला खासनीस आमच्या दारात बिनफोडणीचं वरण घेऊन उभे राहतात. हातात स्टीलचं पातेलं, वर ताटली. "वहिनी, जरा फोडणी?" एवढंच म्हणतात. मोहरी तडतडली की डोळे मिटून खोल श्वास घेतात. मग पातेलं सांभाळत बाहेरच्या गॅलरीत दहा मिनिटं उभे राहतात आणि अंगाला लागलेला वास उडाला की शेजारच्या आपल्या घरात शिरतात. डब्लिनचा वारा या कामात त्यांना भरपूर मदत करतो.

त्यांच्या घरात फोडणीला बंदी आहे, आणि ती बंड्यामुळे आहे. बंड्या म्हणजे कॅमेलिऑन, रंग बदलणारा सरडा. मोहरी तडतडून घरभर वास पसरला तसा तो हिरव्याचा काळा पडला. त्या दिवशी खासनीसांची कढई कपाटात, म्हणजे इथल्या भाषेत प्रेसमध्ये, गेली ती गेलीच.

बंड्या खरा त्यांच्या मुलीचा, सईचा. तिला दूरच्या ट्रली गावातल्या हॉस्पिटलात डॉक्टरची नोकरी लागली आणि तिथल्या घरमालकाला प्राणी चालेनात. "जस्ट फॉर अ व्हाइल, बाबा," असं म्हणून ती बंड्याला ठेवून गेली. सईला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत, तेही पक्क्या आयरिश हेलात. खासनीसांची बायको चार वर्षांपूर्वी गेली. घरात उरले खासनीस, आणि त्यांनी जन्मात पोपटसुद्धा पाळलेला नव्हता.

खासनीस औषधांच्या कारखान्यात आहेत. तापमान, दाब, हवेतली धूळ हे सगळं ठरलेल्या मर्यादेत आहे की नाही हे तपासण्यात त्यांची हयात गेली. त्यामुळे "रेंजमध्ये आहे का?" हा प्रश्न ते चहालाही विचारतात. आणि "कसे आहात?" म्हटलं की त्यांचं एकच उत्तर, "रेंजमध्ये."

बंड्याच्या पिंजऱ्यात तीन थर्मामीटर आहेत. दोघांचं पटलं नाही तर निवाडा करायला तिसरा. बंड्या वाटीतलं पाणी पीत नाही, पानांवरचे थेंब चाटतो. म्हणून खासनीस सकाळ-संध्याकाळ पानांवर फवारा मारतात आणि त्यानं किती थेंब चाटले ते वहीत लिहितात. बंड्याला खायला जिवंत रातकिडे लागतात. खासनीस शुद्ध शाकाहारी. दुकानातून आणलेल्या रातकिड्यांना ते आधी गाजर किसून घालतात. "जायचंच आहे बिचाऱ्यांना, निदान जेवून तरी जाऊ देत," म्हणतात, आणि तोंड फिरवून डबा पिंजऱ्यात रिकामा करतात.

गेल्या महिन्यात एका शुक्रवारी ते दारात आले, तेव्हा हातात पातेलं नव्हतं.

"वहिनी, आज तिसरा दिवस. काही खात नाहीये. नुसता कोपरे खरवडतोय. सगळंच रेंजच्या बाहेर."

मी गाडी काढली. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंपुढे खासनीसांनी वही ठेवली. बाईंनी वही उघडलीच नाही. बंड्याचे मागचे पाय पाहिले, पोट हलकेच चाचपलं आणि म्हणाल्या, "युअर मॅन हिअर इज अ लेडी." नराच्या मागच्या पायाला काटा असतो, याला नव्हता. पोटात अंडी होती. या जातीची मादी नराशिवायही अंडी धरते म्हणे.

"पिंजऱ्यात माती किती खोल आहे?" बाईंनी विचारलं.

खासनीस जरा ताठ झाले. "माती अजिबात ठेवत नाही. जंतू होतात. मी रोज कागद बदलतो. झाडंसुद्धा प्लास्टिकची, धुता येतात."

मादी माती उकरून अंडी घालते, जागा मिळाली नाही तर अंडी आत अडकतात आणि ती मरूही शकते, असं बाईंनी शांतपणे सांगितलं. तेव्हा रंग बंड्याचा नाही, खासनीसांचा उडाला. ओल्या वाळूची बादली ठेवा, पिंजऱ्यावर चादर टाका, दोन दिवस अजिबात डोकावू नका, तोवर अंडी घातली नाहीत तर ऑपरेशन, एवढ्या सूचना घेऊन आम्ही परतलो.

तासातासाला नोंद करणाऱ्या माणसाला डोकावायचं नाही म्हणजे काय, याची कल्पना करा. शनिवारभर ते आमच्या सोफ्याच्या कडेवर बसून होते. चहा गार झाला, तरी त्यांनी त्याची रेंज विचारली नाही.

"सईला कळवलंत?" मी विचारलं.

"नाही." मग गार चहाकडे बघत म्हणाले, "वहिनी, आधी ती रविवारी फोन करायची. जेवलीस का, जेवले, तू जेवलास का, जेवलो. चार मिनिटं. आता रोज करते. बंड्यानं काय खाल्लं, कुठल्या फांदीवर झोपला, पाऊण पाऊण तास. हा गेला तर ती कशाला फोन करील?"

"करील हो," मी म्हटलं. माझं मलाच ते खरं वाटलं नाही, आणि फार वाईट वाटलं.

रविवारी साडेबाराला बेल वाजली. दारात खासनीस, हातात पातेलं.

"सव्वीस! सगळी वाळूत पुरलीत. आणि बंड्या पाणी पितेय!"

मी तेल तापत ठेवलं. एवढ्यात सईचा फोन आला. खासनीसांनी तो स्पीकरवर टाकला आणि सगळं सांगून टाकलं, मातीसकट. "माझी चूक झाली गं. थोडक्यात वाचली."

"आय नेव्हर न्यू आयदर, बाबा. शी'ज ग्रँड नाऊ, इजंट शी?" सई म्हणाली. आणि मग, "अँड यू? हाऊ आर यू?"

खासनीसांनी नेहमीचा शब्द उच्चारायला तोंड उघडलं, आणि मिटलं. चष्मा काढून हातात धरला.

"मी थोडा रेंजच्या बाहेर आहे गं," ते म्हणाले.



"किती बाहेर, बाबा?" सईनं विचारलं. मराठीत.

मी चिमटीतली मोहरी परत डब्यात टाकली, शेगडी बंद केली आणि स्वयंपाकघराचं दार हळूच लोटून घेतलं.