यास्मिनचा पेंढ्याचा माणूस

यास्मिनशी बोलताना हात अंगाशी धरून ठेवावेत. तुम्ही कौतुकानं तिच्या पाठीवर थाप मारायला जाता आणि तुमचं कोपर तिच्या काखेत गेलेलं तुम्हाला उशिरा कळतं. अशा वेळी ओरडायचं नाही. तिच्या अंगावर हातानं थोपटायचं. ती लगेच सोडते आणि मघाचं बोलणं पुढे चालू करते. नसरापूरच्या स्टँडवरच्या भाजीवाल्यांपासून भोर एसटीच्या कंडक्टरपर्यंत सगळ्यांनी हे शिकून घेतलं होतं.

माझ्या शिवणाच्या दुकानाला लागून तिच्या अब्बांचं वेल्डिंगचं दुकान. पोरगी शाळेत ज्युडो शिकली, मग पुण्यात कुणा मास्तरांकडे ब्राझीलची जुजुत्सू. या कुस्तीत पाडून भागत नाही, पाडल्यावर खरं काम सुरू होतं. हात पिरगाळायचा, गळा आवळायचा आणि समोरच्यानं थोपटलं की सोडायचं. मला तर ती आमच्या भाऊबंदकीसारखीच वाटली, फक्त आमच्याकडे थोपटलं तरी सोडत नाहीत.

या खेळाचा जाड सदरा मीच शिवायची. आज नेला की उद्या ही कॉलर उसवून हजर. "काकी, पकडीला टिकत न्हाई." तिला जिथं तिथं पकड दिसायची. माझ्या सासूबाईंनी एकदा मायेनं तिचा गाल धरला, तर म्हणाली, "आजींची पकड लई भारी हाय." सासूबाई आठवडाभर खुशीत होत्या.

सराव चालायचा थोरल्या बहिणीवर, नसीमवर. संध्याकाळी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोघी गोधडीवर लोळायच्या. नसीमला खेळात काडीचा रस नव्हता. ती हसत हसत थोपटायची आणि उठून चहा टाकायची. मग तिचं लग्न झालं. पाठवणीला सगळे रडत होते आणि ही माझ्या कानाशी लागून विचारत होती, "दाजींचं वजन किती आसंल?"

नसीम सांगलीला गेली. पुण्याच्या क्लासात बाई म्हणून ही एकटीच, आणि क्लासही फक्त रविवारी. थोड्याच दिवसांत यास्मिन किकवीहून भाताचा पेंढा घेऊन माझ्या दारात.

"काकी, माणूस शिवा."

"केवढा?"

"नसीमचं माप हाय की तुमच्याकडं."

लग्नाचे कपडे मीच शिवले होते. त्या मापाचा माणूस शिवला, तिनं त्याला नसीमचा जुना पंजाबी ड्रेस घातला. तिची अम्मी त्याला घरात येऊ देईना, म्हणून तो माझ्या दुकानात राहिला. गिऱ्हाइकं दचकायची, नव्या ब्लाउजमध्ये पेंढा निघायचा. मला वैताग यायचा.

पण त्याला घोळसून घोळसून पोरगी पुढे गेली. पुण्यात जिंकली, मुंबईत जिंकली आणि मग पैसे घेऊन लढायच्या सामन्यांत शिरली. तिथं ठोसे-लाथा सगळं चालतं, सदरा मात्र नसतो, म्हणजे माझं गिऱ्हाईक गेलं. ही ठोसे खात खात जवळ शिरायची, आणि एकदा जवळ शिरली की समोरचीचं काही खरं नसायचं. शेवटी बँकॉकहून बोलावणं आलं.

तिथंही जिंकली. अब्बांनी स्टँडभर पेढे वाटले. ही मात्र माझ्या मशीनभोवती घिरट्या घालत राहिली.

"बस की गं जरा. जिंकलीस ना?"

"व्हय. पर तिनं थोपटलं आन् मला कळलंच न्हाई. पंचांनी मला वढून काढली. तिचं कोपर गेलं, काकी." तिनं कोपऱ्यातल्या पेंढ्याच्या माणसाकडं बोट केलं. "ह्यो थोपटत न्हाई. सोडायची सवयच गेली माजी. आता न्हाई जायाचं मला."

पुढचा सामना किताबाचा होता. मला तिचा रागही आला आणि तिच्यासाठी जीवही तुटला. मी शटर अर्धं ओढलं, गोधडी अंथरली, पदर खोचला आणि आडवी झाले.

"ये, धर."

"काकी, तुमचं गुडघं."

"गुडघ्यांचं मी बघते. तू हात धर."

ती वाकताच मी थोपटलं.

"आजून धरलं बी न्हाई."

"मला काय माहीत? मी पहिल्यांदाच हरतेय."

मग रोज दुपारी तेच. मी कधी धडाधड थोपटायची, कधी बोलता बोलता, कधी नुसत्या बोटानं. आधी आधी तिला उशीर व्हायचा, मी कळवळायची. हळूहळू माझं बोट हललं तरी हात सुटायला लागला. घरभर बामाचा वास यायचा आणि सासूबाई कुरकुरायच्या.

किताबाच्या सामन्याला निघायच्या दिवशी जीप दारात उभी होती, अब्बा हॉर्न वाजवत होते. तरी ती आत आली. "एकदाच, काकी."

मी गोधडीवर बसले. तिनं मागून माझ्या गळ्याभोवती हात घातला, पण आवळला नाही. एरवी जिच्या पायाचा अंगठासुद्धा थांबत नसे, ती माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून न हलता बसली.

"सकाळी नसीमचा फोन आलता," ती म्हणाली. "बाळ रडाया लागलं, तिनं ठिवला."

"परत करेल."

"व्हय."

बाहेर हॉर्न वाजतच होता. माझे दोन्ही हात मोकळे होते. मी थोपटलं नाही.