नाका गेल्यावर

काल दुपारचा मोठ्या रस्त्यावरचा टोल कापल्याचा संदेश मोबाईलवर आला आणि घड्याळजी उठून अंगणात गेला. गाडी आच्छादनाखाली गुमान उभी होती. ती फक्त रविवारी निघे, तीही त्याच्याच हाताने.

“ना फाटक, ना माणूस, आणि पैसे कापून मोकळे!” तो घरात येऊन गरजला. “कुण्या चोरानं माझा नंबर लावलाय. तक्रार करतो. जाऊ दे त्याला आत!”

“जाऊ द्या हो,” बायको म्हणाली. “यंत्रच ते. चुकलं असेल.”

“यंत्र चुकत नसतं. त्याला हात लावणारा चुकतो.”

“कशाला उगाच पोलिसांच्या नादी लागतोस?” आई म्हणाली.

पण तो हट्टाला पेटला होता. आईला गुडघ्यांमुळे अंगणही लांब वाटे. तरी सासू-सून त्याच्याआधी गाडीत जाऊन बसल्या.

टोलच्या कचेरीत साहेबांनी संगणकाचा पडदा त्याच्याकडे फिरवला. फोटो लख्ख होता. स्टिअरिंगवर बायको, जीव मुठीत धरून. शेजारी आई, तोंडभर हसत.

“ओळखता या चोरांना?”

घड्याळजीने मागे वळून दोघींकडे पाहिलं.

“तुझ्या बहिणीकडे गेलो होतो,” आईच बोलली. धाकटी आपल्या मर्जीनं लग्न करून गेली, तेव्हापासून तिच्या दारात गाडी नेणार नाही अशी त्याची शपथ होती. “अंथरुणाला खिळलीय ती. मी डोळे मिटायच्या आत तिला बघू नको?”

“आणि तू गाडी शिकलीस कधी?” त्याने बायकोला विचारलं.

“तुम्ही दुकानात असताना. परवानाही काढला. सासूबाईंनीच पाठी लागून काढायला लावला. पण नाक्यावर तुमचा मावसभाऊ बसायचा, म्हणून धीर होत नव्हता. नाका पाडला, तेव्हा म्हटलं, आता कोण बघतंय!”

साहेबांनी हसू आवरलं. “तक्रार लिहून घेऊ? पोलीस येतील, बाईंची चौकशी होईल.”

“नको,” घड्याळजी खाली बघत म्हणाला. “घरचीच माणसं आहेत.”

बाहेर येऊन त्याने किल्ली बायकोच्या हातात ठेवली आणि तिच्या शेजारी बसला. आई मागे. चौकात बायकोने घराच्या बाजूला वळायचा दिवा लावला.

“सरळ घे,” तो म्हणाला.

“सरळ मोठा रस्ता लागतो. पुन्हा फोटो निघेल.”

“निघू दे,” घड्याळजी म्हणाला आणि आरशात बघून केस नीट बसवू लागला.