क्लॅरीचं हिरवं कार्ड

"या वसाहतीत माझ्या नजरेतून सुटून कुणाची मरायची टाप नाही!" असं क्लॅरी ट्रेम्बाथ छाती ठोकून सांगायचा. आणि खोटं कशाला बोला, त्याला चुकवून कुणी गेलंही नव्हतं. जे गेले ते क्लॅरीनं येऊन दार वाजवल्यावरच अधिकृतपणे गेले!

सॉल्टबुश ही म्हाताऱ्यांची वसाहत. समुद्राकडे तोंड करून उभी असलेली एकसारखी विटांची घरं, मधोमध क्लबघर आणि त्याच्यासमोर बोल्स, म्हणजे हिरवळीवर चेंडू घरंगळवायचा खेळ, खेळायची जागा. मुलं ॲडलेडला, नाहीतर त्याहून लांब. त्यामुळे इथे एक रीत होती. रोज सकाळी उठलं की दाराच्या मुठीला हिरवं कार्ड अडकवायचं. 'मी ठीक आहे.' आठपर्यंत कार्ड दिसलं नाही, की फेरीवरचा माणूस दार वाजवणार. हा फेरीवरचा माणूस म्हणजे क्लॅरी. बायको, आयव्ही, गेली तेव्हापासून त्यानं ही फेरी जी धरली ती सोडली नाही. उभा जन्म त्यानं गव्हाच्या कोठारावर वजनकाट्यापाशी बसून ट्रक मोजले होते. आता तो माणसं मोजायचा.

पण मोजायचा म्हणजे किती मोजावं! आठचं त्याचं घड्याळ पावणेआठलाच वाजायचं. मर्ल पास्को आंघोळ करत होती म्हणून कार्ड लावायला उशीर झाला, तर हा पठ्ठ्या न्हाणीघराच्या खिडकीतून आत डोकावून ओरडला, "मर्ल, जिवंत आहेस का?" मर्लनं जिवंत असल्याचा पुरावा म्हणून साबण फेकून मारला. एक जोडपं ईस्टरला लेकीकडे गेलं होतं, तर त्यांची काच फोडून आत शिरला आणि रिकाम्या घरात दोघांना हाका मारत बसला. शेवटी वार्षिक सभेत लोकांनी हात वर करून त्याला फेरीवरून काढलं आणि त्याच्या जागी हेझल रॉडाला नेमलं. हेझल म्हणजे शाळेची माजी मुख्याध्यापिका. गोड बोलून गळा कापण्यात तिचा हात धरणारा कुणी नव्हता.

"क्लॅरी, तू खूप केलंस रे आमच्यासाठी," ती म्हणाली. "आता जरा विश्रांती घे."

"विश्रांती मेल्यावर घेईन!"

"तेही आम्हीच बघू," हेझल म्हणाली आणि सगळं क्लबघर हसलं.

क्लॅरीच्या बाजूनं एकच हात वर आला होता. तो वॉल शिर्मरचा. वॉल समोरच्या घरात राहायचा आणि बोल्समध्ये त्याचा जोडीदार होता. तोंडानं फटकळ, हट्टी इतका की आणीबाणीत दाबायचं बटण सगळ्यांनी गळ्यात घालायचं असा नियम असताना यानं ते खिडकीतल्या प्लास्टरच्या कांगारूच्या गळ्यात घातलेलं. "मी काय गाय आहे घंटा बांधायला?" हा त्याचा सवाल.

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही म्हणतात. क्लॅरीवाचूनही सॉल्टबुशला रोज व्यवस्थित उजाडत होतं, आणि हेच त्याला खुपत होतं. हेझल कुत्र्याला घेऊन फिरायची, ज्याच्या-त्याच्या दारात गप्पा मारायची, कुणाच्या जर्बेराचं कौतुक करायची. लोक चक्क तिची वाट बघायचे! क्लॅरीची कुणी कधी वाट बघितली नव्हती. फेरी नसल्यावर सकाळी करायचं काय, हे त्याला कळेना. चहा दोनदा प्यायचा, रिकाम्या खुर्चीकडे बघायचा, पुन्हा चहा ठेवायचा. वाईट वाटायचं त्याला, पण ते वाईट वाटणं त्यानं रागाच्या डब्यात घालून झाकण लावून टाकलं.

मग एका बुधवारी सकाळी त्याला युक्ती सुचली. आपण कार्ड लावायचंच नाही! आत गप्प बसायचं. ही बाई गप्पांच्या नादात पुढे जाईल. गुरुवारी संध्याकाळच्या पेयपानाला, हॅपी अवरला, सगळे क्लबघरात जमले की भर सभेत उभं राहायचं आणि म्हणायचं, "बघा, मी मेलो असतो तर आत्तापर्यंत वास सुटला असता!" हेझलचं तोंड कसं होईल, या कल्पनेनंच त्याला कितीतरी दिवसांनी टोस्ट गोड लागला.

पडद्याला बोटभर फट ठेवून तो खुर्ची टाकून बसला. हेझल आली. कुत्रं आलं. मर्लही होती सोबत. हेझलनं मुठीकडे पाहिलं आणि थांबली.

क्लॅरी खुर्चीत पुढे सरकला. आता दार वाजवते की काय! वाजवलं तर युक्ती फसली. आणि गंमत म्हणजे, तिनं वाजवावं असंही त्याला वाटत होतं. फार वाटत होतं.

"रुसलीय स्वारी," हेझल म्हणाली.

"बघ, पडदा हलतोय!" मर्ल फिसकन हसली. "लहान पोर परवडलं."

"बसू दे. भूक लागली की येईल बाहेर." मग हेझलनं समोर वॉलच्या दाराकडे पाहिलं. तिथेही कार्ड नव्हतं. "घ्या! यानंही नाही लावलं. दोघांनी मिळून बहिष्कार टाकलाय वाटतं."

"त्याचं शेपूटच ते!"

दोघी हसत पुढे गेल्या. कुत्र्यानं क्लॅरीच्या गुलाबाला तंगडी वर केली आणि तेही गेलं.

क्लॅरीला राग यायला हवा होता, पण तो वॉलच्या दाराकडे बघत राहिला. खरंच की! मुठीला कार्ड नाही! त्याला भरून आलं. आपण वॉलला एका शब्दानं बोललो नाही, आणि या माणसानं आपलं दार बघून आपणहून साथ दिली! याला म्हणतात दोस्ती. आयव्ही नेहमी म्हणायची, वॉल बोलायला काटेरी पण आतून लोणी. तिचं बरोबर होतं.

दिवसभर तो अधूनमधून फटीतून बघायचा. वॉल त्याच्यापेक्षा पक्का निघाला. पडदा हलत नव्हता. वर्तमानपत्र वाटेवर तसंच पडलेलं, ते उचलायलासुद्धा बाहेर आला नाही. आत रेडिओवर क्रिकेट चालू होतं, तेवढंच. "वा रे गड्या!" क्लॅरी मनात म्हणाला. "संप करावा तर असा!" आपण मात्र दुपारी चोरून मागच्या दारी कपडे वाळत घातले याची त्याला लाज वाटली. घरात पाव संपला होता. बीटचा डबा फोडून त्यानं तो काट्यानं तसाच खाल्ला आणि वॉलही काहीतरी असंच खात असेल या विचारानं त्याला बरं वाटलं.

गुरुवारी सकाळी दोन वर्तमानपत्रं पडली होती. रेडिओ चालूच होता. क्रिकेट संपून आता शेतीमालाचे भाव चालले होते. लोकरीचे, मग मेंढ्यांचे, मग पुन्हा लोकरीचे. आता, वॉलला लोकरीचं काय पडलं होतं? तो तर आयुष्यभर प्लंबर होता.

आयव्ही असती तर एव्हाना चप्पल घालून रस्ता ओलांडून गेली असती. तोही उठला. दारापर्यंत गेला. कडीला हात लावला, आणि नेमकी हेझल वळणावर दिसली. आत्ता बाहेर पडलो तर ती म्हणेल, लागली का भूक! चार वाजेपर्यंतच्या काही तासांसाठी सगळा डाव वाया? आणि वॉल काय म्हणेल? मी तुझ्यासाठी कळ काढतोय आणि तूच पहिला फुटलास?

क्लॅरी परत खुर्चीत येऊन बसला.

हेझलनं दोन्ही दारांकडे पाहिलं, मान हलवली आणि वॉलच्या दारासमोर उभी राहून मोठ्यानं म्हणाली, "मुलांनो, आज चारला हॅपी अवर आहे हं! रुसवा सोडून या!" वॉलच्या घरातून फक्त रेडिओ ऐकू आला.

चार वाजता क्लॅरी इस्त्रीचा शर्ट घालून क्लबघरात शिरला. सगळे आपापल्या बाटल्या आणि चीजच्या बश्या घेऊन बसले होते. टेबलावर दर आठवड्याच्या सोडतीत बक्षीस लागणारा मटणाचा ट्रे होता, प्लास्टिकखाली चॉप्स आणि जाडजूड सॉसेज. आत शिरताना त्यानं वॉलच्या खुर्चीकडे पाहिलं. रिकामी. म्हणजे पठ्ठ्या अजून लढतोय! क्लॅरी खोलीच्या मधोमध उभा राहिला.

"लोकहो! दोन दिवस माझ्या दाराला कार्ड नाही. दोन दिवस! कुणी आलं का बघायला?"

"पडदा हलत होता रे क्लॅरी," मर्ल म्हणाली. "मेलेला माणूस कपडे वाळत घालत नाही."

हशा पिकला. क्लॅरीचे कान लाल झाले. "हसा! आणि वॉलचं काय? त्याच्याही दाराला नाही. त्याचं दार वाजवलं कुणी?"

"अरे, त्यालाही तूच बसवलंयस ना घरात?" हेझल म्हणाली. "बस आता. मर्ल, काढ गं सोडत."

मर्लनं डब्यात हात घालून चिठ्ठी काढली. "सत्तावीस! अग्गोबाई, हा तर वॉलचा!" वॉल दर सोमवारी न चुकता सत्तावीस नंबर घ्यायचा, आणि इतक्या वर्षांत त्याला ट्रे कधी लागला नव्हता. ट्रे दुसऱ्या कुणी नेला की तो आठवडाभर त्या माणसाशी बोलायचा नाही.

"वॉल!" कुणीतरी गमतीनं दाराकडे तोंड करून ओरडलं. "ये रे बाबा, मटण गार होतंय!"

सगळे हसले. क्लॅरी हसला नाही. तो ट्रेकडे बघत होता. वॉल त्याच्यासाठी हात वर करेल. कार्ड लावणार नाही. एखादे वेळी दोन दिवस बीटही खाईल. पण वॉल शिर्मर मटणाच्या ट्रेवर रुसणार नाही! बायकोच्या अंत्यविधीच्या आठवड्यातसुद्धा तो सोडतीला येऊन बसला होता.

"मी त्याला काही सांगितलेलं नाही," क्लॅरी म्हणाला.

"काय?"

"बहिष्काराचं. मी वॉलशी बोललोच नाही. मला वाटलं, त्याचं तोच..."

हेझलच्या हातातला ग्लास खाली आला. "पण आम्हाला वाटलं तू..."

"आणि मला वाटलं तो..."

मर्ल तशीच हातात चिठ्ठी धरून उभी होती. खोलीत कुणी कुणाकडे बघेना. मग एकदम सगळे उठले. गुडघे बदललेले, खुबे बदललेले, काठ्या, चाकाच्या ढकलगाड्या, सगळी फौज रस्त्यानं निघाली. आपण धावतोय असं सगळ्यांना वाटत होतं, पण पुढे फक्त कुत्रं जात होतं! माणसांत क्लॅरी छातीवर हात धरून सगळ्यांच्या पुढे होता. आयुष्यात दुसऱ्यांदा त्यानं काच फोडली, आणि या वेळी कुणी तक्रार केली नाही.

वॉल न्हाणीघराच्या फरशीवर होता. बुधवारी सकाळी घसरला होता. खुब्याचं हाड मोडलं होतं, अंगावर ओढून घेतलेला टॉवेल, आणि हाताला लागेल असा खालचा नळ, त्याच्या पाण्यावर दोन दिवस काढलेले. शेजारच्या खोलीत कांगारू गळ्यात बटण घालून उभा होता. रेडिओ मेंढ्यांचे भाव सांगत होता.

"उशीर केलास लेका," वॉल कोरड्या ओठांनी म्हणाला आणि बेशुद्ध पडला.

ॲम्ब्युलन्स गेली. रस्त्यावर हेझल रडत होती. तिच्या खांद्यावर हात ठेवायला बरेच जण होते. क्लॅरीच्या जवळ कुणी आलं नाही, आणि तेही बरोबरच होतं. नंतर क्लबघरात परतल्यावर ट्रेची सोडत पुन्हा काढली गेली. मटण वाया कशाला घालवायचं!

वॉल जगला, पण आपल्या घरी परतला नाही. टेकडीखालच्या शुश्रूषागृहात त्याला खाट मिळाली. तिथे दाराला कार्ड लावावं लागत नाही, कारण दारच बंद करू देत नाहीत. पहिल्यांदा क्लॅरी भेटायला गेला तेव्हा वॉल उशांना टेकून बसला होता आणि समोर कस्टर्डची वाटी होती.

"त्या हेझलला काय कळतंय फेरीतलं!" तो सुरू झाला. "आली होती, ऐकलं मी. रुसवा सोडून या म्हणे! मी आतून ओरडतोय, पण रेडिओ मेला एवढा मोठा! तू फेरीवर असतास तर सव्वाआठला मला उचललं असतंस."

क्लॅरीनं खिडकीबाहेर पाहिलं.

"खरं सांगू? मी घाबरलो नव्हतो," वॉल म्हणाला. "पडल्या पडल्या स्वतःला सांगत होतो, समोर क्लॅरी आहे. तो डोळ्यांत तेल घालून बसलेला असतो. त्याला फेरीवरून काढलं तरी तो बघायचं थोडंच सोडणार? कार्ड दिसलं नाही की येईलच." मग शेजारच्या खाटेकडे वळून तो मोठ्यानं म्हणाला, "ऐकलंस का रे? हाच तो! सगळी वसाहत दारू पीत बसली होती, आणि यानं एकट्यानं ओळखलं!"

शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं आदरानं मान लववली. क्लॅरीच्या आयुष्यात एवढं कौतुक कुणी केलं नव्हतं. वर्षानुवर्षं त्याला हेच ऐकायचं होतं, अगदी याच शब्दांत. तोंड उघडून त्यानं काहीतरी सांगायला सुरुवातही केली.

"काय?" वॉल म्हणाला.

क्लॅरीनं चमचा उचलून त्याच्यापुढे धरला.

"कस्टर्ड खा," तो म्हणाला. "गार होतंय."

कस्टर्ड मुळातच गार होतं.