मार्चपर्यंतचे गजभिये

नवीन वर्षाचं कॅलेंडर हातात पडलं की गजभिये आधी स्टेपलर शोधतात. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च मोकळे ठेवायचे आणि एप्रिलपासून पुढची सगळी पानं खाली दोन पिना मारून बंद करायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी विचारलं, "हे काय चाललंय?"

"ताई, पुढचं अजून सँक्शन नाही."

गजभिये आमच्या मंत्रालयात पर्यावरण विभागात हवामान बदलाचे सल्लागार आहेत. कंत्राटी. मी वित्त विभागात, बजेटच्या शाखेत. रायपूरहून नवा रायपूरला जाणाऱ्या स्टाफ बसमध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघंच, म्हणून शेजारी बसायला लागलो.

राज्याचा पन्नास वर्षांचा आराखडा करणं हे त्यांचं काम. ऊन किती वाढेल, कोणते तलाव आधी आटतील, धान कुठं पिकेनासं होईल, सगळं त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये आहे. त्यांची नोकरी मात्र एकतीस मार्चला संपते. ज्या योजनेत त्यांचं पद आहे तिला थोडे पैसे केंद्राचे, थोडे राज्याचे, थोडे खाणींवरच्या उपकराचे. तिघांपैकी एकाने हात आखडला की बाकीचे दोघे त्याच्याकडे बोट दाखवून गप्प बसतात. एका वर्षी तर काहीच आलं नाही. योजनेचं हेड, म्हणजे बजेटमधलं तिचं खातं, बंद पडू नये म्हणून आम्ही त्यात नावापुरते हजार रुपये टाकून ठेवले. आमचे साहेब व्हरांड्यात ओरडले, "गजभिये जी, बधाई हो, आपका हेड ज़िंदा है!" गजभियेंनी अख्ख्या शाखेला पेढे वाटले. पगार पुरवणी मागण्यांतून आला, तोवर दिवाळी होऊन गेली होती.

त्यामुळे या माणसाची मोजपट्टी मार्च. गोल बाजारात मी भांडी घेत होते, हे शेजारी मोच्यापाशी चप्पल घेऊन उभे.

"मार्च तक चल जाए, ऐसा टाँका मारो."

"हव भैया. अऊ ओकर बाद?"

"उसके बाद का सरकार देखेगी."

मोची बराच वेळ हसत होता. गजभिये हसत नव्हते. लग्नाचंही असंच झालं. मुलगी पाहायला गेले की मुलीचे वडील विचारायचे, नोकरी पक्की आहे ना? हे खरं सांगायचे. त्यातच ते वय निघून गेलं.

झाडं लावायचे पैसे आम्ही बहुतेक मार्चच्या मध्यावर सोडतो. आधी सोडता येत नाहीत, का ते सांगायला बसले तर दुसरा लेख होईल. फाइल हातात घेऊन ते एकदा माझ्या टेबलापाशी आले. "ताई, तव्यावर रोप लावून राहिलो आपण."

"खड्डे करून ठेवा. रोपं पावसाळ्यात लावा."

"आन् राखण? राखणीले हेड कुठं आहे? आमच्या आधी बकऱ्या पोहोचतात तिथं."

मी म्हटलं, बकऱ्या माझ्या शाखेत येत नाहीत. फाइल सोडली.

आता त्यांच्या आईचं सांगते, कारण बसमधलं आमचं अर्धं भांडण त्यावरूनच व्हायचं. आई गोंदियाला एकटी. वडील रेल्वेत होते, ते गेले. गोंदिया काय, गाडीने तीनचार तासांवर. मी दरवर्षी म्हणायची, "घेऊन या त्यांना. एक खोली जास्तीची घ्या, संपलं."

"मार्च तं निघू द्या, ताई."

"मार्च दरवर्षी येतो, गजभिये."

"म्हणूनच तं."

एकदा मी जरा चिडूनच बोलले, की आई काय तुमची योजना आहे का मुदतवाढ द्यायला? तेव्हा ते खिडकीकडे बघत म्हणाले, "बाबाच्या बदल्यात तिनं अख्खी जिंदगी पेट्या बांधल्या, ताई. डोंगरगड, राजनांदगाव, नागपूर, कुठं कुठं. बाबा गेल्यावर म्हणाली, आता मी एकदाच उठीन. मी तिले इथं आणलं आन् एप्रिलमध्ये ऑर्डर नाही आली तं? पुन्हा पेटी बांधाले लावू काय तिले?"

मी पिशवीतून पाण्याची बाटली काढली.

यंदा योजना मोठ्या कार्यक्रमात घातली गेली आणि पदांना एकदम पाच वर्षांची मंजुरी मिळाली. फाइल माझ्याच टेबलावरून गेली. आदेश निघायच्या आधी असं सांगायचं नसतं. मी फोन उचलून सांगितलं. गजभिये म्हणाले, "पाच? महिने नाही ना, ताई?"

महिन्याभरात त्यांनी रायपुरातच टाटीबंधला तळमजल्यावर दोन खोल्या घेतल्या आणि शनिवारची सुट्टी जोडून आईला आणायला गेले. सोमवारी बसमध्ये आले ते एकटेच.

"आई?"

"नाही म्हणाली."

नव्या राजधानीचे रुंद रिकामे रस्ते सुरू झाल्यावर ते आपणहून बोलले. "म्हणाली, पोट्ट्या, लय दिवस वाट पाहिली तुही. मग सोडून देल्ली. आता सकाळी विहारात जातो, चार बाया हाक मारतात, एखाद्या दिवशी नाही गेली तं घरी पाहाले येतात. तिथं तू ऑफिसले गेल्यावर मले कोण हाक मारन?" मग म्हणाले, "रागानं नाही म्हणाली, ताई. जेवाले वाढता वाढता म्हणाली."

"पुन्हा विचारा."

"विचारलं. हसली."

पुढच्या रविवारी मी त्यांचं नवं घर पाहायला गेले. कोणीतरी जायला हवं होतं. आतल्या खोलीत पलंग, त्यावर मच्छरदाणी बांधलेली, उशाशी हात पोहोचेल असं दिव्याचं बटण. "चहा ठेवतो," म्हणून ते स्वयंपाकघरात गेले. मागोमाग मी गेले आणि दारातच थांबले. आई जेमतेम पावणेपाच फूट, म्हणून त्यांनी स्वतःच्या पैशाने भाड्याच्या घराचा ओटा फोडून वीतभर खाली बांधून घेतला होता. घरमालकिणीला डिपॉझिट वेगळं दिलं. सहा फुटांचे गजभिये त्या ओट्यावर कमरेत वाकून आलं किसत होते.

"वर करून घ्या हा," मी म्हटलं. "पाठ जाईल तुमची."

"साखर किती, ताई?" त्यांनी विचारलं.